बिनाले आणा, पण आधी मजुरीचं बोला

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सातारा

(एक प्रत सांगलीच्या समितीलाही देतो आहे. सांगलीला दक्षिण सातारा म्हणायचे ते दिवस आठवणारी माणसं अजून आहेत, आणि कारागीर काही जिल्ह्याची हद्द बघून काम घेत नाहीत.)

विषय: साताऱ्यात मोठी कला-बिनाले (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) भरवण्याच्या चर्चेबाबत

सप्रेम नमस्कार.

२०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात ९९वं साहित्य संमेलन झालं. शाहू क्रीडा संकुलावर चार दिवस माणसं, पुस्तकं, भाषणं आणि धूळ. ते आटोपल्यापासून जिथे चार कलाप्रेमी जमतात तिथे एक वाक्य ऐकू येतं: कोचीसारखी बिनाले आपल्याकडे का नको? कास आहे, अजिंक्यतारा आहे, महामार्ग दारातून जातो, मुंबईची गॅलरीवाली मंडळी पाचगणीला येतातच. ‘डीपीसीतून (म्हणजे तुमच्या नियोजन समितीतून) काहीतरी निघेल’ असंही कुणीतरी लगेच म्हणतं. अजून कागदावर काही नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच आत्ता लिहितो आहे. एकदा कागदावर आलं, की आमच्यासारख्यांच्या पत्राला फक्त आवक-शिक्का मिळतो.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतो. सुट्टीत मोठ्या प्रदर्शनांच्या मांडणीच्या कामाला जातो, तेही माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या हाताखाली. त्यांच्यातले काही वेल्डिंग करतात, काही फ्लेक्स लावतात. (चित्रकार एखाददुसराच झाला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) त्यामुळे असली प्रदर्शनं मी मागच्या दारानेच जास्त पाहिली आहेत.

बिनाले म्हणजे कलेचा निर्मळ उत्सव आणि राजकारण त्यात नंतर शिरतं, असा एक समज आहे. तो आधी बाजूला ठेवू. व्हेनिसची पहिली बिनाले १८९५ सालची. ती भरवली व्हेनिसच्या नगरपालिकेने, राजा-राणीच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव हे निमित्त काढून. आपल्या नगरपालिकांना हे वाचून जवळचं वाटायला हरकत नाही. साओ पाउलोची १९५१ मध्ये सुरू झाली, ती एका कारखानदाराच्या पैशावर आणि हौसेवर. जर्मनीतलं कासेल बाँबहल्ल्यात बेचिराख झालेलं गाव. नाझींनी ज्या चित्रांना हिणवलं ती पुन्हा लोकांसमोर मांडायला तिथे १९५५ मध्ये डॉक्युमेंटा सुरू झाली. ती पाच वर्षांनी भरते, पण जात तीच. दक्षिण कोरियात ग्वांगजूला १९८० साली लष्कराने लोकांवर गोळ्या घातल्या, त्याची आठवण म्हणून १९९५ पासून तिथे बिनाले भरते. प्रत्येक गावाला जगाला काहीतरी सांगायचं होतं, कुणाला व्यापार वाढवायचा होता, कुणाला नाव धुऊन घ्यायचं होतं. साताऱ्याला काय सांगायचं आहे, हा माझा तुम्हाला पहिला प्रश्न. ‘पर्यटनाला चालना’ हे उत्तर नको. ते प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात असतंच.

पर्यटनाला चालना मिळते, यात शंका नाही. व्हेनिसला इतकी मिळाली की मूळ बेटांवरच्या शहरात २०२२ मध्ये रहिवासी पन्नास हजारांच्याही खाली आले. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, एका दिवसापुरतं येणाऱ्याकडून ते प्रवेशकर घेतात. सगळा दोष बिनालेचा नव्हे, पण घरं भाड्याने चढवणारी जी हवा शहरात तयार होते तिला बिनालेने पंखा घातलाच. आपल्याकडे कासचं उदाहरण आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि फुलांच्या मोसमात पठारावर गाड्यांची रांग लागू लागली. तरी तिथे एक गोष्ट बरी घडली. कास, कासाणी, आटाळी, एकीव या गावांच्या समितीकडे तिकिटाचं आणि राखणीचं काम आलं. गावाच्या हातात काहीतरी राहिलं. तक्रारी तिथेही आहेत, पण त्या कुणाकडे करायच्या हे गावाला ठाऊक आहे.

आता कोची. १२-१२-१२ ला सुरुवात, बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या मुंबईत नाव कमावलेल्या दोन मल्याळी चित्रकारांनी केलेली. केरळ सरकारचे पैसे, फोर्ट कोचीतली अ‍ॅस्पिनवॉल कंपनीची मसाल्याची जुनी गोदामं, समोर समुद्र. ती जागा पाहिली की हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. रिक्षावाले, मासे विकणाऱ्या बायका, सहलीची पोरं, सगळे आत येतात आणि मोठमोठ्याने मतं देतात. मुंबईच्या गॅलरीत कुजबुजायचं असतं. तिथे तसं नाही. कलामहाविद्यालयातल्या मुलांसाठी वेगळी बिनाले भरते. हे सगळं खरं आणि घेण्यासारखं.

पण २०२२ ची गोष्टही समितीच्या टिपणीत यायला हवी. १२ डिसेंबरला उद्घाटन होतं. देशोदेशीचे कलाकार आणि पाहुणे येऊन बसले होते. ऐन वेळी मुख्य प्रदर्शन ११ दिवस पुढे ढकललं गेलं आणि २३ तारखेला उघडलं. मग पन्नासहून जास्त कलाकारांनी खुलं पत्र लिहिलं. बाहेरून आलेलं सामान अडकलं, पावसाचं पाणी आत शिरलं, वीज नीट नाही, माणसं अपुरी, आणि काय चाललंय ते कुणी सांगत नाही, असं त्या पत्रात होतं. दहा वर्षं मुरलेल्या संस्थेची, सरकार पाठीशी असताना, ही गत झाली. आपल्याकडे तर मांडववाल्याचं बिल निघायला दुसरा मांडव पडावा लागतो.

इथेच मला थोडं थांबायचं आहे, कारण या पत्राचा जीव यात आहे.

एका मोठ्या प्रदर्शनात (नाव घेत नाही, सातारा-सांगलीतलं नव्हतं) उद्घाटनाच्या आदल्या रात्री आम्ही एक चौथरा बसवत होतो. कलाकार परदेशात, व्हिडिओ कॉलवर. चौथऱ्यावर काचेचा जड ठोकळा ठेवायचा होता आणि जुन्या वाड्याची फरशी एका अंगाला उतरती. कऱ्हाडकडचे एक सुतार होते, साठीच्या पुढचे. त्यांनी पाणसळ लावली, बुडबुडा बघितला, प्लायच्या तुकड्यातून पातळ पाचर तासली, सरकवली, परत बुडबुडा बघितला. असं रात्री दोनपर्यंत. मग हाताने चौथरा हलवून बघितला आणि म्हणाले, ‘आता भूकंप आला तरच.’ दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली. तिच्यावर कलाकाराचं नाव, देश, माध्यम, कुणाच्या संग्रहातून आलं ते, कुणाच्या सौजन्याने ते. सुताराचं नाव नव्हतं, आणि ते असायला हवं असं तिथे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. काम डिसेंबरचं, पैसे पाडवा उलटल्यावर आले, तेही कापून. का कापले ते विचारायला फोन केला तर ज्या मुलीने आम्हाला कामावर घेतलं होतं तिचीच नोकरी संपली होती. तिचंही मानधन अडकलेलं.

हे अपवादाने घडत नाही. मोठ्या प्रदर्शनांचा खर्च विमानाची तिकिटं, हॉटेलं, विमा, वाहतूक आणि उद्घाटनाची जेवणं यांवर आधी पडतो. हातांनी काम करणाऱ्यांची पाळी शेवटी येते आणि तोवर पैसे संपलेले असतात. जोहान्सबर्गने वर्णभेद संपल्यावर मोठ्या उमेदीने १९९५ ला बिनाले सुरू केली. १९९७ ची दुसरी खेप शहराकडे पैसे नाहीत म्हणून महिनाभर आधी बंद करावी लागली. तिसरी झालीच नाही. नवख्या कलाकाराला तर ‘तुला व्यासपीठ मिळतंय’ हेच मानधन असतं. न्यूयॉर्कमध्ये २००८ पासून कलाकारांचा एक गट याच मुद्द्यावर भांडतो आहे की प्रदर्शनात काम मांडणं हे काम आहे आणि त्याची मजुरी ठरलेली हवी.

आपल्या भागाला हे समजायला न्यूयॉर्क कशाला हवं? उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायची हे १९६६ च्या आदेशात लिहिलं आहे. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. पाळलं जातं का, ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. पण ते लिहिलेलं आहे म्हणून शेतकरी साखर आयुक्तांच्या दारात जाऊन बसू शकतो. सुतार कुणाच्या दारात बसणार? तेव्हा माझी मुख्य मागणी ही: बिनालेला सरकारी पैसा द्याल तेव्हा अटच घाला. काम झाल्यापासून १४ दिवसांत सुतार, वेल्डर, वायरमन, हमाल, रंगारी, पहारेकरी, मांडणी करणारे विद्यार्थी आणि स्थानिक कलाकार यांचे पैसे चुकते. उशीर झाला तर व्याज. ही रक्कम वेगळ्या खात्यात आधी जमा, मगच निमंत्रणपत्रिका छापायला जातील. आणि प्रत्येक कामाच्या पाटीवर ते उभं करणाऱ्यांची नावं, कलाकाराच्या नावाएवढ्याच अक्षरात.

मिरजेची गोष्ट घ्या. तिथल्या शिकलगारांनी दीडशेहून जास्त वर्षं तंबोरे आणि सतारी घडवल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. उद्या बिनाले झाली तर काय होईल ते मी आत्ताच सांगतो. बाहेरून एक नावाजलेला कलाकार येईल, तंबोऱ्याचे पन्नास भोपळे घेईल, अंधाऱ्या वाड्यात टांगेल, आतून स्पीकर लावेल. सुंदर दिसेल, मीही फोटो काढीन. पाटीवर ‘स्थानिक कारागिरांच्या सहकार्याने’ असं येईल. भोपळा कुठून आणायचा, कसा वाळवायचा, कुठला चिरणार आणि कुठला टिकणार, हे ज्याला टकटक करून कळतं त्याला सहकारी म्हणायचं आणि ज्याने तो टांगला त्याला कर्ता?

विषयांचंही तसंच. कृष्णेच्या महापुरावर दहा व्हिडिओ होतील. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली. हे दाखवू नये असं मी म्हणत नाही, दाखवावंच. कोयनेच्या विस्थापितांवरही काम व्हायला हवं. पण धरणाला साठ वर्षं होऊन गेली तरी पुनर्वसनासाठी ठिय्या देणारी माणसं आत्ताही आहेत. त्यांच्या दुःखाचं दालन उभारायचं आणि त्यांचं निवेदन खालच्या मजल्यावर पडू द्यायचं, हे एकाच प्रशासनाने एकाच महिन्यात केलं, तर त्या दालनाचा अर्थ काय लावायचा?

आता पैशाचा मुद्दा. इथे प्रायोजक कोण असणार ते उघड आहे: कारखाने, पतसंस्था, बिल्डर, शिक्षणसंस्था. फ्लेक्सवर कुणाचे चेहरे असतील तेही. प्रायोजकाचा पैसा कुठून येतो हे विचारण्याची रीत जगात आता पडली आहे. सिडनी बिनालेचा २०१४ सालचा प्रायोजक निर्वासितांना डांबून ठेवणाऱ्या छावण्यांच्या कंत्राटाशी जोडलेला निघाला. कलाकारांनी बहिष्काराचं हत्यार काढलं, काहींनी कामं काढून घेतली आणि बिनालेचे अध्यक्ष पायउतार झाले. न्यूयॉर्कच्या व्हिटनी बिनालेत २०१९ ला अश्रुधुराची नळकांडी बनवणाऱ्या कंपनीचा मालक व्हिटनी संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचा उपाध्यक्ष होता. आठ कलाकारांनी आपली कामं हटवा म्हटलं आणि त्याने राजीनामा दिला. आपल्याकडे ऊसतोड मजुरांवरचं एखादं शिल्प एखाद्या कारखान्याच्याच सौजन्याने उभं राहील. मला त्यात अडचण नाही, त्या कारखान्याने त्या वर्षीची बिलं आणि तोडणीचे पैसे दिलेले असले तर. दाखला मागा. निविदेला मागता तसाच.

आणि वाद होणार, हे धरूनच चला. ग्वांगजूला २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांची टिंगल करणारं एक चित्र शहराच्या अधिकाऱ्यांनी लावू दिलं नाही. हत्याकांडाच्या स्मरणासाठी सुरू झालेल्या बिनालेत हे घडलं, हे विशेष. कासेलला २०२२ मध्ये इंडोनेशियातल्या गटाच्या भल्यामोठ्या फलकात ज्यूद्वेषी प्रतिमा आढळल्या. आधी काळं कापड टाकलं, मग फलक उतरवला, मग संचालकांनी पद सोडलं. पुढच्याच वर्षी आपल्या मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे त्याच डॉक्युमेंटाच्या निवड समितीतून बाहेर पडले, कारण २०१९ मध्ये सही केलेल्या एका पत्रावरून तिकडे वादळ उठलं होतं. यातल्या प्रत्येक प्रकरणात माझं मत सारखं नाही. कासेलचा फलक उतरवला ते बरोबर केलं असं मला वाटतं, ग्वांगजूचं नाही. पण साताऱ्यात काय होईल? सकाळी अकराला निवेदन येईल, साडेबाराला ‘कायदा व सुव्यवस्था’ येईल, दोनला चित्रावर ताडपत्री. कलाकाराला कळवलं जाईल व्हॉट्सअ‍ॅपवर. ताडपत्री टाकण्याचा निर्णय कोण घेणार, कुणाला विचारून, आणि कलाकाराला बोलायला किती वेळ देणार, हे आधी लिहून जाहीर करा. जमत नसेल तर फुलांच्या रांगोळ्या भरवा. त्या छान असतात आणि कुणाच्या भावना दुखत नाहीत. (बहुतेक.)

एवढं बोलून मी विरोधक ठरेन. मी नाही. मला बिनाले हवी आहे, पण औंधच्या वळणाची.

खटाव तालुक्यातल्या त्या गावात, दुष्काळी पट्ट्यात, भवानी संग्रहालय १९३८ पासून आहे. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः ब्रश धरणारे राजे. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्प आहे. याच मूरला १९४८ ला व्हेनिस बिनालेत शिल्पकलेचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. म्हणजे व्हेनिसने गौरवलेला माणूस आपल्याकडे टेकडीवर बसला आहे आणि साताऱ्यातल्या किती शाळांच्या सहली तिकडे वळतात? महाबळेश्वर झालं की पोरं परत. त्याच औंधने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. त्याच औंधमध्ये १९४० पासून संगीत महोत्सव चालू आहे, मोठमोठे गवई-वादक गावात येऊन गातात-वाजवतात.

गांधीजींचा विषय निघालाच आहे तर, १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी त्यांच्या सांगण्यावरून गावातल्याच साहित्यातून केली. १९३८ ला हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी साध्या रंगांत सुतार, शिंपी, वाजंत्री अशा कष्टकऱ्यांची चित्रं काढली, जाता-येता कुणालाही दिसावीत अशी. तीच चित्रं २०१९ मध्ये व्हेनिसला भारताच्या दालनात मांडली गेली. मांडवातून निघालेली कला व्हेनिसपर्यंत गेली. आपण मात्र व्हेनिसची नक्कल करून मांडव घालायला निघालो आहोत.

जपानमध्ये एचिगो-त्सुमारी भागात २००० पासून दर तीन वर्षांनी असा मेळा भरतो. भातशेतीची डोंगराळ खेडी, तरुण शहरात गेलेले, शाळा ओस. पहिल्या खेपेआधी काही वर्षं नुसती गावांशी बोलण्यात गेली, कारण गावांचा विरोध होता आणि तो रास्त होता. कुणाच्या शेतात काम उभं करायचं तर त्या शेतकऱ्याची परवानगी लागे. ओस पडलेल्या शाळा आणि घरंच दालनं झाली. राखण आणि स्वयंपाक गावातली म्हातारी माणसं करू लागली. लोकसंख्या काही परत वाढली नाही, तसा दावाही कुणी करू नये. पण जावळी-पाटणच्या ज्या गावांतली कर्ती माणसं मुंबईत माथाडी कामाला गेली आणि मागे कुलपं राहिली, त्यांना हे उदाहरण पंचतारांकित उद्घाटनापेक्षा जवळचं आहे.

हिशेबाचं एक सांगतो. आमच्याकडे यात्रा झाली की कमिटी पारावर बसून जमा-खर्च वाचून दाखवते. नारळ किती, हलगीवाल्याला किती, शिल्लक किती. कुणीतरी उठून भांडतं, तेही ऐकून घेतात. बिनालेचा हिशेब यापेक्षा अवघड असण्याचं कारण नाही. तोही असाच जाहीर वाचा, वेबसाइटच्या कोपऱ्यात टाकू नका.

आणि या विषयावर पहिली बैठक बोलवाल तेव्हा क्युरेटर, आर्किटेक्ट आणि हॉटेलवाल्यांबरोबर सुतार, वेल्डर, वायरमन यांनाही खुर्ची द्या. कामाच्या दिवशी बोलावलंत तर त्यांचा बुडालेला रोज त्याच दिवशी हातात ठेवा. यादी हवी असेल तर माझ्याकडे आहे.

आपला,
एक चित्रकला शिक्षक
सातारा